हुप्प्याचा दहावा

खुलताबाद, ९ एप्रिल २०२५

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घे. परवा सांडूकाकांच्या माळ्यावर तीन तास उकिडवा बसलो होतो, कंबर अजून सरळ होत नाही.

तुझा धंदा नेमका काय आहे ते एकदा नीट लिहून कळव, मुलीकडच्यांना सांगायला बरं, असं तू म्हणालीस. फोनवरच सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू गौरीच्या दागिन्यांसारखं डब्यात जपून ठेवतेस. म्हणून हे फकिराच्या जीपनं पाठवतोय. सोबत चार कैऱ्या आहेत. तीनच मिळाल्या तर फकिराला विचार.

तर माझ्या पाटीवर असं रंगवलंय: ‘शिवराज वन्यजीव निवारण सेवा. साप, वानर, उदमांजर, वटवाघूळ, मधमाश्या. घरातून सुखरूप बाहेर.’ पाटी वाचून रोज एक तरी शहाणा विचारतो, सुखरूप कोण, घरचे का साप? दोघंही, असं मी सांगतो. मी कुणाला मारत नाही. वनखात्याच्या गार्डला कळवतो, प्राण्याला बाहेर जायला वाट करून देतो आणि तो गेला की भोक बुजवतो. खरं सांगायचं तर माझा निम्मा धंदा गवंडीकामाचा आहे.

सांडूकाकांचंच बघ. पोस्टातून रिटायर झालेला माणूस. त्यांच्या माळ्यावरून रोज संध्याकाळी बासमती भाताचा वास यायचा. काकू जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा काकांना वाटलं त्याच वर भात लावतात. पंधरा दिवस ते रोज माळ्याला नमस्कार करत होते आणि हळूच विचारत होते, वरण कधी व्हायचं? वर उदमांजर निघालं. त्याच्या अंगालाच तो वास असतो. ते चरायला बाहेर पडलं, पिल्लं नाहीत याची खात्री केली आणि मी जाळी ठोकली. काकांनी माझे आभार मानले नाहीत. उलट म्हणाले, "आरं, येक दोन महिने ऱ्हाऊ द्यायचं व्हतंस."

आता मुलीचं. आतापर्यंत चार ठिकाणांहून नकार आलाय हे तुला ठाऊक आहे. शेवटच्या घरी मुलीच्या काकानं विचारलं, "पगार कोण देतं, साप?" तेव्हा या खेपेला तू जमवत असशील तर मी तयार आहे. एकतीस संपत आलं. आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

पण तुझ्या भावाचं, आमच्या अण्णांचं काय करायचं? आई गेल्यावर चार वर्षं मी तुझ्याकडं वाढलो, त्यामुळे मला तुम्ही दोघंही सारखेच. तुझं नाव निघालं की अण्णा उठून गोठ्यात जातात. आजी गेली तेव्हा त्यांनी तुझी वाट न बघता अग्नी दिला, तू पोचलीस तेव्हा चिता पेटलेली होती, हे सगळं मला पाठ आहे. ते म्हणतात, ती निघालीय हे मला ठाऊकच नव्हतं. तू म्हणतेस, ठाऊक होतं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली आत्या. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा कंटाळल्या.

तुझा,
शिवराज


कन्नड, १३ एप्रिल २०२५

चि. शिवराज,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहायचे नाहीत. कैऱ्या दोन मिळाल्या.

तुझं धंद्याचं वर्णन वाचून मी ठरवलं की ते मुलीकडच्यांना दाखवायचं नाही. मी त्यांना एवढंच सांगितलंय की मुलगा वनखात्याशी मिळून काम करतो. नोकरीला आहे असं मी म्हटलेलं नाही. त्यांना तसं वाटलं तर वाटू दे, लग्न झाल्यावर माणसाला बरंच काही नव्यानं कळतं.

मुलीचं नाव सोनिया. अठ्ठावीस वर्षांची आहे. फार्मसी शिकलीय, संभाजीनगरात क्रांती चौकाजवळ औषधाच्या दुकानात नोकरी करते, शनिवारी संध्याकाळी कन्नडला येते. तिनंही तीन मुलं नाकारलीत. एकाच्या आईनं, जरा चालून दाखव गं, म्हटलं. हिनं चालून दाखवलं, सरळ घराबाहेर. मला ती तिथंच पसंत पडली.

तिला मी एकटीला गाठून तुझं खरं काम सांगितलं, कारण ती फसवायच्या लायकीची नाही. तिनं विचारलं, "साप चावला तर ते कुठल्या दवाखान्यात जातात?" हात झटकून घाबरणाऱ्यातली नाही, आधी सोय बघणाऱ्यातली आहे.

तिच्या वडिलांची मात्र एकच अट आहे. मुलाचा बाप समोर बसला पाहिजे. थोरल्या मुलीच्या वेळी मुलाकडून नुसते मामे-काके येऊन बोलले आणि नंतर बापानं हात वर केले. तेव्हापासून ते बाप बघितल्याशिवाय सुपारी फोडत नाहीत. बघायचा कार्यक्रम माझ्याच घरी होईल. तेव्हा तुझ्या बापाला माझ्या घरी यावं लागेल.

मी त्याला बोलावणार नाही. त्यानं आईचं तोंड मला बघू दिलं नाही, त्याला मी ये म्हणणार नाही. मुलीचे वडील बोलावताहेत असं सांग. मी घरात असेन, पण त्याच्याशी बोलणार नाही. चहा देईन.

तुझी,
आत्या


खुलताबाद, २१ एप्रिल २०२५

ती. आत्या,

आधी वाईट बातमी. अण्णांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मला वाटलं विरघळले. मग म्हणाले, "पोरगी हिकडं आणा, मी बसतो. अक्काच्या पायरीला या जन्मात पाय लावणार नाय." आणि गेले गोठ्यात. मी रोज एकदा विचारतोय. आता गोठ्यात जायच्या आधी मला शेण काढायलाही सांगतात.

दुसरी वाईट बातमी म्हणजे माझा फोन गेला. नेणाऱ्याचं नाव हुप्प्या.

झालं असं. आमच्या गावातला मारुती निजलेला आहे, पण त्याची वानरं चोवीस तास जागी. बारा तारखेला हनुमान जयंतीला आमच्या मागच्या गल्लीनं त्यांना डझनांनी केळी घातली, हात जोडले, फोटो काढले. चौदा तारखेला तीच गल्ली माझ्या दारात. पुढं भामाबाई. त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया टोळीतल्या मोठ्या नरानं, हुप्प्यानं, निम्म्या खाल्ल्या आणि निम्म्या नाचून मोडल्या. दोन घरांच्या टीव्हीच्या छत्र्या वाकवल्या. एका घरात शिरून त्यानं आरशासमोर अर्धा तास काढला आणि जाताना आरसा फोडला. भामाबाई म्हणाल्या, "त्या मुडद्याला कायबी कर, पण घालीव. मेला तर साखर वाटीन."

वानराला घालवायचं म्हणजे पकडायचं नसतं, त्याला इथं बसण्यात मजा नाही हे पटवायचं असतं. सगळ्यांना सांगितलं, वाळवण जाळीखाली घाला, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, केळी बंद. मी सकाळ-संध्याकाळ गच्च्यांवर पत्र्याचा डबा वाजवत फिरतोय. गल्ली ऐकते, मान डोलावते आणि माझी पाठ फिरली की म्हाताऱ्या हळूच पोळी टाकतात. काल एकीला पकडलं तर म्हणाली, "आज शनवार नव्हं का?" काल रविवार होता.

फोन त्यानं माझ्या खिशातून घेतला. ओढला नाही, व्यवस्थित काढून घेतला. मग विजेच्या खांबाशेजारच्या लिंबावर बसून कानाला लावला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. शेवटी फोन वरून आला, पण चार तुकड्यांत. नवा घेईपर्यंत तुझ्यासारखाच मीही पत्रावर.

गंमत सांगू? मला तो आवडायला लागलाय. डबा वाजवला की तो आधी माझ्याकडं बघतो, जांभई देतो आणि मग उठतो. माझा मान ठेवल्यासारखं करणारा गावातला तो एकटाच.

शिवराज


कन्नड, २४ एप्रिल २०२५

चि. शिवराज,

बघायचा कार्यक्रम ठरला. शुक्रवार, ९ मे, सकाळी अकरा वाजता. सोनियानं त्या दिवसाची सुट्टी घेतलीय. तिला सुट्टी सहज मिळत नाही, तेव्हा तारीख हलणार नाही.

बापाला आण. कसा ते मला विचारू नकोस. तू माळ्यावरून उदमांजर बाहेर काढतोस, गोठ्यातून बाप काढता येत नाही? तो नाही आला तर सोनियाचे वडील पोह्यांची बशी खाली ठेवून उठतील, हे पाचवं स्थळ गेलं म्हणून समज, आणि सहावं शोधायला मला अंगात जोर नाही. ‘या जन्मात’ म्हणाला काय? लहानपणीही असाच होता. जेवणार नाही म्हणायचा आणि मग चुलीमागं जाऊन माझ्या वाटची भाकरी खायचा.

आता तुझं. पांढरा शर्ट घाल. नखांतलं सिमेंट काढ. आणि केस. देवानं तुला चेहरा बेताचाच दिलाय, पण केस तुझ्या आईचे आहेत, दाट आणि कुरळे. तेवढंच एक दाखवण्यासारखं आहे. कापायला गेलास तर न्हाव्याला सांग, वरून हात लावू नको.

मी शेव आणि लाडू करून ठेवते. तुझ्या बापाला, बद्रीला, शेवेत ओवा चालत नाही. पाहुण्यांनाही चालणार नाही बहुतेक, म्हणून बिनओव्याचीच करते.

आत्या


खुलताबाद, ६ मे २०२५

ती. आत्या,

खाली बसून वाच. हातात शेवेचा सोऱ्या असेल तर बाजूला ठेव.

मला केस नाहीत. आज सकाळी काढले. भुवया आहेत.

हुप्प्या गेला. २७ तारखेला, रविवारी. दहा दिवस तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. मी भामाबाईंच्या गच्चीवर डबा वाजवत होतो. नेहमी तो जांभई देऊन उठतो, त्या दिवशी झोपेत होता बहुतेक, दचकला. लिंबाकडं उडी मारायची ती खांबाकडं गेली आणि तारेला चिकटला. खाली पडला तेव्हा जीव होता. मी पाणी घेऊन धावलो, माझ्या हातावर दोन घोट प्याला. बस.

आत्या, गल्लीला वाटतं की तो आपोआप गेला. मी डबा वाजवला नसता तर गेला नसता, हे मी फक्त तुला सांगतोय.

पाच मिनिटांत गल्ली जमली. पहिल्यांदा भामाबाईंनी हंबरडा फोडला. "माझ्या कुरडया आता कोण खाईल रं लेकरा!" मी त्यांना साखरेची आठवण करून दिली नाही. गार्ड आला, त्यानं पंचनामा केला, सही केली आणि मग टोपी काढून तोही उभा राहिला. गल्लीनं ट्रॅक्टर आणला. हुप्प्याला खुर्चीत बसवून उपरणं घातलं, गुलाल लावला, डोक्याला टोपी. भजनी मंडळ पुढं. ज्यांची टीव्हीची छत्री त्यानं वाकवली होती ते सगळ्यात जोरात टाळ वाजवत होते. गावाबाहेर खड्डा करून त्याला बसवूनच पुरलं.

मग प्रश्न निघाला, सुतक कुणी धरायचं? मारुतीचं माणूस, त्याचा दहावा झालाच पाहिजे. आणि दहाव्याला पुढं कुणीतरी हवं. सांडूकाका म्हणाले, "शेवटचं पाणी कुणी पाजलं? शिवराजनं. मग त्योच पोरगा." सगळ्यांनी माना हलवल्या. नको म्हणालो असतो तर कुणी जबरदस्ती केली नसती. पण मला नको म्हणता आलं नाही. आपल्यामुळं गेलेल्याचं एवढं तरी करावं असं वाटलं.

आज दहावा झाला. पहिलं डोकं माझं, मग गल्लीतल्या बावीस जणांची. तुझा निरोप न्हाव्याला सांगितला, वरून हात लावू नको म्हणून. तो म्हणाला, मग काय खालून काढू? नंतर लापशी-वांग्याची पंगत. कुणीतरी फोटो काढत होतं.

अण्णा आले नाहीत. "माकडासाठी डोकं काढायला मी काय येडा हाय?" म्हणून सकाळीच शेतात गेले. दुपारी परत आले तेव्हा मात्र माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "तुझी आज्जी गेली तवा मी असाच दिसायचो." शुक्रवारचं विचारलं तर परत गोठ्यात.

आता तू एवढं कर. सोनियाच्या घरी आधीच सांगून ठेव की मुलगा टोपी घालून येईल आणि का ते सांग. नाहीतर भलतंच काहीतरी समजतील. फकिरा संध्याकाळी निघतोय, त्याच्याकडं हे देतो.

शिवराज


कन्नड, ७ मे २०२५

शिवराज,

सकाळी सोनियाचे वडील आले. चपला बाहेर काढल्या आणि खाली मान घालून सतरंजीवर बसले. काही बोलले नाहीत, मला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना कुणीतरी पाठवलेला फोटो मोबाइलवर उघडून समोर धरला. फोटोत तू, डोक्यावर एक केस नाही. शेजारी सगळी गल्ली डोकी काढून पंगतीला बसलेली. मी एकेका तोंडावर बोट ठेवून बघितलं. सांडू आहे, भामाबाई वाढतेय. माझा बद्री तेवढा नाही.

पंधरा दिवस तुझं एक अक्षर नाही, ते का, हे मला तेव्हा कळलं. पाहुण्यांनी तुझा फोन लावला, तो बंदच. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, बद्रीनाथरावांच्या फोनवर लावू का? मी म्हटलं, उचलेल कोण?

दहा दिवस माझा भाऊ या जगात नाही आणि मी इथं बिनओव्याची शेव तळतेय. तुम्ही मला कळवलं नाहीत. आईच्या वेळी निदान निरोप तरी धाडला होता. तुला मी चार वर्षं मांडीवर घेऊन जेवू घातलंय रे. तुलाही असंच करावंसं वाटलं?

मी तशीच उठून स्टँडवर गेले, बसमध्ये बसले. हातनूरला बस थांबली आणि मी उतरले. आईच्या वेळी इथंच गाडी बंद पडली होती. पुढं जाऊन काय बघायचं, असं वाटलं. समोरची बस धरून परत आले.

बद्री, आता हे तुलाच लिहितेय. तुला वाचता येणार नाही, पण मला दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. माझ्या पायरीला या जन्मात पाय लावणार नाही म्हणालास, शब्दाचा पक्का निघालास मेल्या. तू दीड वर्षाचा होतास तेव्हा आई रोजानं जायची आणि मी तुला कडेवर घेऊन शाळेत बसायचे. तू माझ्या पाटीवर मुतायचास आणि छडी मला बसायची. तरी मी तुला घरी ठेवून गेले नाही. कारण तू माझ्यामागं रडायचास. अकरा वर्षं मी रोज तुझ्याशी भांडलेय, मोठ्यानं, एकटीच. शेजारणीला वाटतं म्हातारी पोथी वाचते. मला वाटायचं, एक दिवस तू येशील, मी तुला चार शिव्या देईन आणि मग जेवायला वाढीन. एवढंच राहिलं होतं. आता मी भांडू कुणाशी?

शिवराज, सोनियाच्या वडिलांनी लिहून सांगितलं की वर्षभर लग्न करता येणार नाही. पोरगी त्यांना म्हणाली, "मग वर्षभर थांबू." एवढं तुझ्या नशिबात चांगलं आहे. बापाची अटही राहिली नाही.

फकिराची जीप वऱ्हाड घेऊन गेलीय, चार दिवस यायची नाही म्हणे. हे एस.टी.च्या कंडक्टरकडं देते.

सारजाबाई


खुलताबाद, ८ मे २०२५

आत्या,

अण्णा जिवंत आहेत. बाकीचं नंतर वाच, आधी ही ओळ पुन्हा एकदा वाच.

मेला तो हुप्प्या. वानर. त्याचा दहावा मी केला, गल्लीनं केला. अण्णा फोटोत नाहीत कारण ते माकडासाठी डोकं काढायला तयार नव्हते. मी सहा तारखेला सगळं चार पानं भरून लिहिलंय आणि ते पत्र या क्षणी फकिराच्या जीपमध्ये कुठल्यातरी नवरदेवाबरोबर नाचतंय. तारांबळीत तुला दुसऱ्या कुणाकडून कळवायचं सुचलं नाही, चूक माझी आहे.

कंडक्टरनं पाकीट दिलं तेव्हा अण्णाच दारात होते. तुझं अक्षर त्यांनी ओळखलं. मी शेतातून यायच्या आत फोडलं. शेजारी सांगतात, त्यांनी ते आधी उभ्यानं वाचलं, मग ओट्यावर बसून वाचलं. मी आलो तर ते गोठ्यात नव्हते. मधल्या खोलीत माझी वही आणि पेन घेऊन बसले होते. मला म्हणाले, "भाईर थांब." लिहून झाल्यावर तुझं पत्र बरेच आढेवेढे घेऊन माझ्या हाती दिलं.

सोनियाला सांग, मुलगा उद्या येतोय, टोपीसकट. एका वानरापायी वर्षभर थांबायला निघालेली मुलगी मला दुसरी मिळणार नाही. आणि तिच्या वडिलांना सांग की अटीचं माझ्या हातात काही नाही, अण्णा काय करणार मला ठाऊक नाही.

त्यांचं पत्र सोबत आहे. घडी घालून दिलंय, मी उघडलेलं नाही. कंडक्टर हॉर्न वाजवतोय.

शिवराज


खुलताबाद, गुरवार

अक्का,

मी हाये.

मला लिहायची सवय ऱ्हायली नाय, चुका काढत बसू नको. मेल्यावर माणसाबद्दल लोक एवढं चांगलं बोलत्यात हे ठाऊक असतं तर आधीच मेलो असतो. पाटीवर मुतायचो हे पोराला सांगायची काय गरज व्हती? ते पत्र आता त्याच्या हाती द्यायचं का नाय याचा मी इचार करतोय.

तू हातनूरवरून माघारी गेलीस ते वाचलं आन् माझ्यानं फुडं वाचवंना. आता एक गोष्ट सांगतो. अकरा वर्षं सांगितली नाय, आज सांगितली नाय तर कवाच सांगणार नाय. आई गेली त्या दिशी चार वाजता फोन आला व्हता. तुझ्या गावच्या मास्तरचा. म्हणला, सारजाबाई निघाल्यात, गाडी हातनूरला बंद पडलीय, दुसरी बघतायत. फोन मीच घेतला. मला ठाऊक व्हतं तू येतीयस. ठाऊक नव्हतं म्हणून सांगत आलो ते खोटं हाये.

मोठी माणसं म्हणली दिवस बुडतोय, उचला. मी म्हणायला पाहिजे व्हतं की माझी बहीण वाटंवर हाये, कुणी हात लावायचा नाय. माझ्या तोंडातनं शब्द निघाला नाय. पन्नाशीचा गडी, चार माणसांपुढं भ्यालो. अग्नी दिला तवा तुझी गाडी येशीत शिरत व्हती, मला दिसली. तुला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मग उलटा तुझ्यावरच डाफरलो. आन् एकदा डाफरल्यावर माघारी कसं यायचं ते मला कळंना. गोठ्यात म्हशी काय इचारत नायत, म्हणून तिथं जाऊन बसायचो. तू रोज माझ्याशी भांडायचीस म्हणतीस. मी बी तिथं बसून तुझ्याशीच बोलायचो.

शिवराजला बघाया पावणं सकाळी अकरा वाजता येणार हायत. मी सकाळी सातच्या गाडीनं येतो. तुझ्या घरी साडेआठ पातूर पोचतो. तुला ज्या चार शिव्या द्यायच्यात त्या दे, चाळीस दे, पावण्यांच्या आधी उरकून घे. पोराला मी माझ्यापायी हे स्थळ घालवू देणार नाय, पण उद्या त्येच्यासाठी येत नाय. तुझ्यासाठी येतोय.

तुला दार उघडावंसं वाटणार नाय, तर उघडू नको. मी पायरीवर बसतो. ह्या बारीला मी थांबतो, अक्का.

बद्री